एक सफर, तीन बुकिंग आणि स्टिग्लरचा तक्ता

क्रूझवर नेहमी जाणाऱ्या अनेक अमेरिकन लोकांची एक पद्धत आहे. पुढच्या उन्हाळ्यात अलास्काला जायचं एवढंच ठरलेलं असतं. कोणतं जहाज, कोणता आठवडा, सिॲटलहून निघायचं की व्हँकुव्हरहून, हे काहीच नक्की नसतं. मग ते दोन-तीन वेगवेगळ्या सफरींवर केबिन बुक करतात, प्रत्येकीचं डिपॉझिट भरतात आणि पुढचे सहा-आठ महिने दरांवर नजर ठेवतात. फायनल पेमेंटची तारीख जवळ आली की एक बुकिंग ठेवायचं, बाकीची रद्द करायची. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आम्ही किमतींची तुलना करतोय."

या उत्तराबद्दलच मला शंका आहे. ती नीट मांडायची तर एका गाजलेल्या पेपरपासून सुरुवात करावी लागेल. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी हा पेपर एकदा तरी मुळातून वाचावा, कारण त्याचं मोठेपण आणि त्याची मर्यादा एकाच जागी सापडते.

जॉर्ज स्टिग्लर यांचा 'द इकॉनॉमिक्स ऑफ इन्फर्मेशन' हा पेपर १९६१ साली 'जर्नल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमी'मध्ये आला. त्याआधी पाठ्यपुस्तकातला ग्राहक सगळ्या किमती जाणून असायचा. स्टिग्लर म्हणाले, असं नसतं; किंमत शोधावी लागते आणि शोधायला खर्च येतो. शिकागोतल्या डीलरांनी एकाच प्रकारच्या शेव्हरोले गाडीसाठी सांगितलेले वेगवेगळे भाव त्यांनी पुरावा म्हणून दिले. पण पेपरचा जीव आहे तो एका छोट्याशा तक्त्यात. समजा निम्मे दुकानदार २ डॉलर मागतात आणि निम्मे ३. एकाच दुकानात विचारलंत तर सरासरी २.५० पडतील. दोन दुकानं फिरलात तर सगळ्यात कमी भावाची सरासरी २.२५. तीन फिरलात तर २.१२५, चार फिरलात तर २.०६२५. प्रत्येक नव्या दुकानाचा फायदा आधीच्या निम्मा. फायदा चपलांच्या झिजेपेक्षा कमी झाला की थांबा. एमएस्सीला संख्याशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे दोन मिनिटांत कळतं, आणि म्हणूनच हा पेपर इतका पसरला. स्टिग्लरना १९८२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं.

आता क्रूझवाल्यांना या तक्त्यात बसवा बघू. दिसायला सोपं आहे: दोन बुकिंग म्हणजे दोन दुकानं, तीन म्हणजे तीन. मी बऱ्याच जणांना असंच समजावताना ऐकलंय. पण तक्त्यातला ग्राहक दुकानात जाऊन नुसता भाव विचारतो, वस्तू बाजूला काढून ठेवायला सांगत नाही. चौथ्या दुकानातून परत दुसऱ्यात आला तरी भाव तोच असेल आणि वस्तू तिथेच असेल, हे गृहीत धरलेलं आहे. स्टिग्लरना किमती बदलतात हे माहीत नव्हतं असं नाही. माहिती शिळी होते, यावर पेपरमध्ये चर्चा आहे. पण ती एका खरेदीनंतरच्या दुसऱ्या खरेदीबद्दल. एकाच शोधाच्या मधोमध भाव पळाला तर काय, हे तक्त्यात येत नाही.

पुढच्या साहित्यात या गोष्टीला 'रिकॉल' म्हणतात. आपण 'मागे वळायची मुभा' म्हणू. मॅककॉल यांनी १९७० साली नोकरीच्या शोधासाठी एकेक प्रस्ताव तपासत जाण्याचं मॉडेल मांडलं. तिथे गंमत अशी की भावांचं वितरण आधीच माहीत असेल आणि शोधाला मुदत नसेल, तर मागे वळायची मुभा कवडीमोलाची ठरते. तुम्ही मनात एक मर्यादा धरता. ती पूर्ण करणारा पहिला प्रस्ताव घेता. जो एकदा सोडला त्याकडे परत जायची वेळच येत नाही. मुभेला किंमत येते ती मुदत असेल तेव्हा, किंवा वितरणच माहीत नसेल तेव्हा. क्रूझमध्ये दोन्ही आहे. फायनल पेमेंटची तारीख सफरीच्या साधारण तीन-चार महिने आधी येते (कंपनीनुसार आणि सफरीच्या लांबीनुसार बदलते), आणि पुढे दर कुठे जातील हे ग्राहकाला ठाऊक नसतं. तेव्हा इथे मुभा मौल्यवान आहे आणि डिपॉझिट भरून तीच विकत घेतली जाते. (याच कारणाने 'पहिले ३७ टक्के पर्याय सोडून द्या' हे यूट्यूबवरचं लाडकं सूत्र इथे लावू नका. ते मागे वळता येत नाही असं धरूनच काढलेलं आहे.)

किती मौल्यवान, ते काढू. आकडे उदाहरणापुरते. 'अ' सफरीची केबिन आज माणशी १,००० डॉलर. फायनल पेमेंटच्या दिवशी तिचा दर ९०० किंवा १,१०० असेल, शक्यता निम्मी-निम्मी. काहीच बुक न केलेला माणूस सरासरी १,००० देईल. आज बुक केलेला माणूस दर वाढला तर आपल्या १,००० ला चिकटून राहील, आणि उतरला तर ९०० घेईल. अमेरिकेत फायनल पेमेंटच्या आधी दर उतरला तर बऱ्याचदा तो मागून घेता येतो, नाहीतर रद्द करून पुन्हा बुक करायचं. त्याची सरासरी ९५०. म्हणजे परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर घेतलेल्या बुकिंगचं मोल इथे ५० डॉलर. डिपॉझिट परत न देणारे स्वस्त दरही बऱ्याच कंपन्या ठेवतात. या उदाहरणात त्यातली सूट ५० डॉलरहून कमी असेल तर ती घेण्यात अर्थ नाही, जास्त असेल तर घ्यावी. (न परतणाऱ्या बुकिंगलाही उतरलेला दर लागू होत असेल तर हिशेब बदलेल, तो तुम्ही करून बघा.)

आता दुसरं बुकिंग. 'ब' सफर, दर तोच, शक्यता त्याच, आणि 'अ'शी काही संबंध नाही असं धरू. तुम्हाला दोन्ही सारख्याच आवडतात. दोन्ही बुक केल्या तर? दोनपैकी एक तरी उतरण्याची शक्यता ३/४, तेव्हा ९००, नाहीतर १,०००. सरासरी ९२५. अजून २५ डॉलर वाचले, स्टिग्लरचा तक्ता चालला, असं वाटेल.

थांबा. फक्त 'अ' बुक करा आणि 'ब'वर नुसती नजर ठेवा. 'ब' उतरली तर ती घ्या, 'अ' सोडा. 'ब' चढली तर तुमच्याकडे १,००० ची 'अ' आहेच. सरासरी पुन्हा ९२५! 'ब' बुक केल्याने एक पैसाही जास्त वाचला नाही. आणि दोन्हींचे दर एकत्र हलत असतील, म्हणजे तोच मोसम, तोच मार्ग, तीच शाळांची सुट्टी, तर नुसत्या नजर ठेवण्याचा फायदाही आटत जातो. दुसरं बुकिंग तर शून्यावरच आहे, त्याखाली काय जाणार.

माझा मुद्दा हाच आहे. किमतींची तुलना करायला एक बुकिंग पुरतं. ते वरची मर्यादा बांधून देतं, बाकीचं काम डोळ्यांचं. मग लोक तीन-तीन का धरून ठेवतात? बहुतेकांना हिशेब येत नाही, असं म्हणून सुटता येईल, पण ते आळशी उत्तर आहे. माझ्या मते ते वेगळ्याच गोष्टीचा विमा काढत असतात: स्वतःला काय हवं असेल ते त्यांना आज माहीत नसतं. रजा जूनमध्ये मिळेल की ऑगस्टमध्ये, बहीण येणार की नाही, गुडघ्याचं ऑपरेशन तोवर झालेलं असेल का. 'अ' आणि 'ब' सारख्याच आवडतात हे वरचं गृहीतक काढून टाका, आणि कोणती आवडेल हे नंतर कळणार आहे असं घाला. लगेच दुसऱ्या बुकिंगला मोल येतं. जूनमध्ये रजाच नाही म्हटल्यावर 'अ'ची मर्यादा काय कामाची?

यासाठी स्टिग्लर पुरत नाहीत. तिथला ग्राहक वस्तू ठरवून घराबाहेर पडलेला आहे. न कळलेला आहे तो फक्त भाव. आपल्या आवडीबद्दलच्या अनिश्चिततेसाठी डेव्हिड क्रेप्स यांचा १९७९ सालचा 'इकॉनोमेट्रिका'मधला पेपर बघा, 'प्रेफरन्स फॉर फ्लेक्सिबिलिटी' वाला. आज एक वस्तू न निवडता पर्यायांचा संच निवडणारा माणूस कसा वागतो, ते तिथे मांडलंय. गणित जड आहे, पण पहिली दोन-तीन पानं कुणालाही झेपतील. तुमच्यापैकी जे अमेरिकेत पीएचडीला अर्ज करताहेत त्यांना तर ही अवस्था नवी नाही. १५ एप्रिलपर्यंत स्टायपेंडसकट आलेल्या प्रस्तावावर उत्तर द्यायची सक्ती करायची नाही, असा ठराव तिथल्या अनेक विद्यापीठांनी मान्य केलेला आहे. दोन प्रस्ताव हातात ठेवणारा विद्यार्थी स्टायपेंडची तुलना करतोय असं सांगतो. खरं तर गाईड जमेल का, शहर मानवेल का, हे त्याला ठरवता येत नसतं.

आता विकणाऱ्याची बाजू, आणि इथे माझी टीका थोडी जास्त कडक आहे. बुकिंग रद्द होण्याबद्दलचं साहित्य विमान कंपन्यांकडून आलं. बेकमन यांचा पेपर १९५८ चा, आणि बीओएसीमधल्या लिटलवुड यांचा प्रसिद्ध नियम १९७२ चा. वर्गात शिकवलं जाणारं साधं मॉडेल असं: प्रत्येक बुकिंग ठरावीक शक्यतेने रद्द होतं, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. म्हणजे नाणेफेक. १०० बुकिंग, रद्द होण्याची शक्यता २० टक्के, तर सरासरी २० रद्द होतील आणि प्रमाण विचलन ४. पण तीच बुकिंग चार-चारच्या गटाने एकत्र राहत किंवा रद्द होत असतील, तर सरासरी २०च राहते आणि विचलन थेट ८ होतं. क्रूझमध्ये असे गट दोन कारणांनी पडतात. कुटुंबं तीन-चार केबिन एकत्र घेतात, हे एक. दुसरं म्हणजे अनेक बुकिंग धरून बसलेले लोक. शेजारच्या कंपनीने दर पाडले की ते सगळे एकदमच उठतात; आणि नाही पाडले तरी फायनल पेमेंटच्या आदल्या आठवड्यात उठतात. सहा महिने शांत, मग एकदम गर्दी. महिन्यामागे सारखी शक्यता धरणारं मॉडेल इथे चुकणार. विमानात चुकलं तर माणसाला पुढच्या फ्लाइटमध्ये बसवता येतं. जहाजाची पुढची फेरी आठवड्याने असते.

याहून अवघड प्रश्न डेटाचा. समजा तुम्हाला एका कंपनीची सगळी बुकिंग मिळाली. (मिळत नाहीत, पण समजा.) तुम्हाला 'ब' जहाजावर एक रद्द झालेलं बुकिंग दिसेल. तुम्ही लिहाल: 'ब'ची मागणी घसरली. प्रत्यक्षात त्या माणसाने दुसऱ्या कंपनीची 'अ' घेतली, आणि तो पहिल्यापासून एकच सुट्टी घेणार होता. दोन कंपन्यांचे आकडे बेरजेला घेतले तर फुगवटा दिसतो, वेगळे बघितले तर घसरण दिसते. मागणी होती तेवढीच. हे दुवे दिसू शकतात ते दोनच ठिकाणी: एकापेक्षा जास्त ब्रँड बाळगणाऱ्या समूहांकडे (प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका दोन्ही कार्निव्हल कॉर्पोरेशनचेच), आणि ट्रॅव्हल एजंटकडे. एजंटला एकाच नावाची तिन्ही बुकिंग दिसतात, आणि रद्द झालेल्यांचं कमिशन सहसा त्याला मिळत नाही, म्हणून तो ती विसरतही नाही.

"मग यात कुणाचं काय बिघडलं? कंपनी केबिन पुन्हा विकतेच की." हा आक्षेप पोकळ नाही. शी आणि गर्स्टनर यांनी २००७ साली 'मार्केटिंग सायन्स'मध्ये दाखवलं की रद्द झालेली जागा पुन्हा विकता येत असेल तर रद्द करू देण्यातून कंपनीचा फायदाही होऊ शकतो. पण त्यांच्या हिशेबात कंपनी आणि ग्राहक आहेत. तिसरा माणूस नाही. जहाजावर व्हीलचेअर वळेल अशा केबिन मोजक्या असतात, चौघं झोपू शकतील अशाही फार नसतात. शाळेच्या सुट्टीतली तशी केबिन कुणीतरी 'बघू नंतर' म्हणून धरून ठेवली, की शोधणाऱ्याला 'उपलब्ध नाही' एवढंच दिसतं. ती सुटते सफरीच्या तीन महिने आधी, आणि तोवर त्या घराने दुसरीकडे जायचं ठरवलेलं असतं, किंवा जायचंच नाही असं. केबिन विकली जाते, आकड्यांत सगळं छान दिसतं, आणि जे कुटुंब आलंच नाही त्याची कुठेही नोंद नसते. दुसरं बुकिंग घेताना आपण स्वतःच्या अनिश्चिततेचा थोडा भाग अशा लोकांच्या गळ्यात टाकतो, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटमध्ये त्याची किंमत धरलेली नसते. निर्णय ज्या दिवशी होतो त्या दिवशीच बाकीची सोडली तर हे बरंच कमी होईल. शेवटच्या तारखेपर्यंत थांबण्यात धरणाऱ्याचाही काही फायदा नाही.

यातून एक संशोधनाचा प्रश्न निघतो, आणि मास्टर्सच्या प्रबंधाला तो पुरेसा आहे असं मला वाटतं. लोक अनेक बुकिंग किमतीसाठी धरतात की स्वतःच्या अनिश्चिततेसाठी, हे वेगळं कसं काढायचं? किमतीचं कारण खरं असेल, तर कोणतं बुकिंग राहील ते दरांतल्या फरकावरून ओळखता यायला हवं. माझं म्हणणं खरं असेल, तर बरेच लोक त्या दिवशीचं महागडं बुकिंग ठेवून स्वस्त सोडताना दिसतील. एखाद्या मध्यम आकाराच्या एजन्सीच्या दोन मोसमांच्या नोंदी, नावं काढून टाकलेल्या, मिळाल्या तरी हे तपासता येईल. फक्त प्रत्येक बुकिंगबरोबर ते रद्द झालं त्या दिवशीचे दोन्ही दर हवेत, आणि जुने दर सहसा कुणी जपून ठेवत नाही. तेव्हा नोंदी आधीपासूनच करायला लागतील.