बंद दारामागची शुश्रूषा

अंतःकरण हेलावून टाकणाऱ्या कलाकृतीचे परीक्षण करणे नेहमीच अवघड असते. डोळ्यांत पाणी उभे राहिले की त्या कृतीने आपणांस नेमके काय दाखविले आणि काय दाखविले नाही, हा विचार मागे पडतो. बी.बी.सी.च्या 'पॅनोरामा' कार्यक्रमात ३१ मे २०११ रोजी दाखविण्यात आलेला विंटरबोर्न व्ह्यूवरील माहितीपट हा याच जातीचा आहे. तो श्रेष्ठ आहे, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. परंतु तेवढ्यावर थांबणारा प्रेक्षक त्यातून चुकीचा बोध घेऊन उठेल, असे आमचे मत आहे.

विंटरबोर्न व्ह्यू हे इंग्लंडातील ब्रिस्टल शहराजवळचे चोवीस खाटांचे खासगी रुग्णालय. बुद्धीची वाढ जन्मतः मंद असलेल्या आणि वागणुकीमुळे इतरत्र सांभाळणे कठीण ठरलेल्या प्रौढ स्त्रीपुरुषांना तेथे ठेवीत. बहुतेकांना कायद्याच्या बळावर आणलेले असे, आणि दर माणसामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड सरकारी तिजोरीतून 'कॅसलबेक' या मालक कंपनीला मिळत. पॅनोरामाच्या वार्ताहराने तेथे साध्या मदतनिसाची नोकरी धरली आणि पाच आठवडे अंगावर लपविलेल्या कॅमेऱ्याने चित्रण केले. माणसांना खुर्चीखाली दाबून धरणे, चापट्या मारणे, केस ओढणे, अंगावरच्या कपड्यांनिशी गार पाण्याखाली बसविणे, आणि हे सर्व हसत खिदळत करणे, असे ते चित्र आहे.

या माहितीपटाचा खरा गुण मात्र या क्रौर्यदृश्यांत नाही. मारहाणीच्या मधल्या वेळात जो भकास रिकामपणा दिसतो, त्यात तो आहे. दिवसभर कोणालाही काही काम नाही, करमणूक नाही, बाहेर जाणे नाही. कंटाळलेला माणूस चिडतो, चिडला की त्याला जखडतात, आणि जखडल्याची नोंद त्याच्याच 'दुर्वर्तना'चा पुरावा ठरते. प्रा. जिम मॅन्सेल ते चित्रण पाहून त्यात आपला अभिप्राय देतात. याच मॅन्सेलनी १९९३ साली, आणि पुन्हा २००७ साली, अशा व्यक्तींना मोठ्या दूरस्थ संस्थांत न कोंडता त्यांच्या घराजवळ लहान लहान निवासांत सांभाळावे, असे सरकारला लिहून दिले होते. तेव्हा येथे उणीव ज्ञानाची नव्हती.

आता दोषांकडे वळू. पहिला नीतीचा. वार्ताहर पाच आठवडे पाहत राहिला आणि त्या काळात मार खाणारे मार खात राहिले. पुरावा पुरेसा जमेपर्यंत दुःख चालू द्यावे काय? आमचे उत्तर नाइलाजाचे आहे. टेरी ब्रायन नावाच्या ज्येष्ठ परिचारकाने २०१० सालीच व्यवस्थापकांना आणि सरकारी निरीक्षण आयोगाला तक्रार कळविली होती. कोणी हलले नाही, म्हणून तो बी.बी.सी.कडे गेला. जेथे सरळ दरवाजे बंद असतात तेथे चोरवाटेने शिरणाऱ्यास दोष देताना, दरवाजे बंद करणाऱ्यास आधी जाब विचारला पाहिजे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कॅमेरा माणसांचे चेहरे दाखवितो. व्यवस्थेला चेहरा नसतो. प्रेक्षकाचा सगळा संताप त्या चार-सहा मदतनिसांवर जाऊन बसतो आणि त्यांना शासन होताच तो शांत होतो. घडलेही तसेच. अकरा जणांनी गुन्हा कबूल केला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांपैकी सहा तुरुंगात गेले. हे सारे परिचारक आणि मदतनीस होते. मालक कंपनीचा एकही संचालक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही.

म्हणून माहितीपटाच्या जोडीने मार्गारेट फ्लिन यांचा २०१२ सालचा चौकशी-अहवाल वाचला पाहिजे. तो रुक्ष आहे, पण जे कॅमेऱ्याला दिसले नाही ते त्यात आहे. एकट्या २०१० साली माणसांना बळाने जखडल्याच्या ३७९ नोंदी तेथे होत्या. रुग्णांना जखमा वा अन्य कारणांनी पाऊणशेहून अधिक वेळा सार्वजनिक रुग्णालयात नेले होते. पोलिसांकडे २९ प्रसंग गेले होते आणि स्थानिक मंडळाकडे ४० इशारे. प्रत्येकाने आपापला कागद पाहिला. सर्व कागद एकत्र कोणी लावले नाहीत. या सर्वांहून बोलकी गोष्ट अशी की, नातलगांना भेटीच्या वेळी वॉर्डात वा निजण्याच्या खोल्यांत जाऊ देत नसत. आमच्या मते सारा अनर्थ या एका नियमात साठलेला आहे. पहिली चापट बसण्यापूर्वीच ते घर असुरक्षित झाले होते, कारण प्रेमाने पाहणारा डोळा तेथे पोहोचत नव्हता.

अशा रुग्णालयांत विनाकारण ठेवलेल्या सर्वांना जून २०१४ पर्यंत बाहेर काढू, असे वचन तेथील सरकारने दिले. ते पाळले गेले नाही. २०१९ साली पॅनोरामानेच व्होर्लटन हॉल या दुसऱ्या रुग्णालयाचे तसलेच चित्र दाखविले. नुसत्या संतापाने संस्था सुधारत नाहीत, याला आणखी प्रमाण नको.

हे परदेशातले म्हणून सोडून देण्याजोगे नाही. २००९ साली चंदीगडच्या सरकारी नारी निकेतनात राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या एका अनाथ तरुणीवर बलात्कार होऊन ती गरोदर राहिल्याचे उघड झाले. तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २००९ रोजी दिला. आम्ही वकील तो निकाल संमतीच्या तत्त्वासाठी वारंवार उद्धृत करतो. ज्या छपराखाली तिला रक्षणासाठी ठेवले होते त्याचे काय, हा प्रश्न मात्र आमच्या युक्तिवादांत क्वचितच येतो.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अशा संस्थांना नोंदणी सक्तीची करतो. त्याच्या सातव्या कलमानुसार, दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार झाला आहे, होत आहे वा होण्याचा संभव आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यास तसे कळवू शकते. नातलगच पाहिजे असे नाही. परंतु पाहिलेच नाही तर कळविणार काय?

येथे आमच्या देवस्थानांच्या समाजाशी दोन शब्द बोलणे भाग आहे. वडिलांच्या पुण्यतिथीस किंवा मुलाच्या वाढदिवशी अशा आश्रमांत जेवण देण्याची चाल आपल्यांत रूढ आहे आणि ती चांगली आहे. पण आपण जातो ते ठरलेल्या दिवशी, आधी कळवून. पंगत मांडलेली असते, मुले धुतलेल्या कपड्यांत रांगेने बसलेली असतात, आणि आपण दारातूनच समाधानाने परततो. देवळाचे महाजन समाराधनेचा हिशेब पैन् पै तपासतात, तेवढी चौकसपणाची सवय येथे का नेऊ नये? न कळविता जावे. निजण्याची खोली व न्हाणीघर पाहू द्या म्हणावे. दिवसभर ही माणसे काय करतात, रात्री कोण असते, विचारावे. एखाद्याला नावाने हाक मारून त्याच्याशी बोलावे, आणि पुढल्या महिन्यात पुन्हा जाऊन त्यालाच भेटावे. चांगल्या संस्थेस अशा पाहुण्याची अडचण वाटत नाही. जी दार लावून घेते तिला अन्नदान करण्याआधी, ते दार का लागले याची विचारपूस करणे हे दात्याचे पहिले कर्तव्य होय.