‘सेत्सुनाई’ : अर्थ आणि अधिकार

‘सेत्सुनाई’ या जपानी विशेषणासाठी ‘दुःखी’, ‘व्याकूळ’ असे प्रतिशब्द चटकन सुचतात. पण ते पुरे पडत नाहीत. दुःखाचे सर्वसाधारण विशेषण ‘कानाशिई’ हे होय. ‘सेत्सुनाई’मध्ये ओढ अजून जिवंत असते आणि तिचे काहीच करता येत नाही. जिच्यावर मन जडले तिच्याच लग्नात हसतमुखाने वावरणाऱ्याची ही अवस्था. शब्दारंभीच्या ‘सेत्सु’साठी जे चिनी चिन्ह लिहितात त्याचा अर्थ ‘कापणे’ असा आहे, आणि ‘निकडीचे, उत्कट’ असाही. शेवटचे ‘नाई’ नकारार्थी नसून तीव्रतादर्शक आहे. नवा अभ्यासक येथे सहज फसतो. निइगाताकडील बोलीत तर शारीरिक यातनेलाही हाच शब्द चालतो. मराठीतील ‘जीव तुटणे’ हा वाक्प्रचार या अर्थाच्या कितीतरी जवळ जातो.

अर्थ असा हाती लागला तरी खरी अडचण वापरात आहे. जपानीत भावनावाचक विशेषण साध्या विधानात बोलणाऱ्याने स्वतःपुरतेच वापरावे, असा संकेत आहे. दुसऱ्याविषयी बोलताना ‘सेत्सुनासोओ’, म्हणजे ‘तसे दिसते’, असे म्हणावे लागते. परक्याच्या अंतःकरणाची ग्वाही देता येत नाही. कथनात मात्र हा निर्बंध शिथिल होतो. तृतीयपुरुषी निवेदक पात्राविषयी नुसते ‘सेत्सुनाई’ म्हणतो, तेव्हा तो त्या पात्राच्या मनात शिरलेला असतो. भाषाशास्त्रज्ञ शिगे-युकी कुरोदा यांनी १९७३ मधील एका निबंधात भावनावाचक विशेषणांच्या आधारे व्याकरण आणि कथनशैली यांचा हा संबंध उलगडून दाखविला.

मराठीवर असे बंधन नाही. ‘मला वाईट वाटते’ आणि ‘तिला वाईट वाटते’ ही वाक्ये एकाच साच्यातील. त्यामुळे ‘सेत्सुनाई’ आणि ‘सेत्सुनासोओ’ या दोहोंसाठी ‘तिचा जीव तुटत होता’ असे लिहिले, की मूळ निवेदक पात्राच्या मनात होता की समोर उभा राहून पाहत होता, हे वाचकाला कळत नाही. प्रतिशब्द अचूक, पण निवेदकाची जागा हरवलेली. अनुवादकाने ‘जीव तुटत होता’ हे ठाम विधान मनात शिरलेल्या निवेदकासाठी राखून ठेवावे आणि बाहेरून पाहणाऱ्यासाठी ‘जीव तुटत असावा’ असे वळण घ्यावे. मराठी कानाला ते किंचित घुटमळल्यासारखे वाटेल. पण मूळ वाक्यही तेथे घुटमळतेच.