दार नेमकं कुठलं बंद आहे?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका क्लायंटच्या सर्व्हरवर भलताच प्रताप केला होता. रात्री दीड वाजता साइट ‘४०३ फॉरबिडन’ दाखवत होती. एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: अमुक पाथवरची इंडेक्स फाइल उघडता आली नाही, ‘१३: परमिशन डिनाइड’. मी फाइल तपासली. ती कुणालाही वाचता येत होती! अर्धा तास डोकं फोडल्यावर मी अख्ख्या होम फोल्डरला ७७७ देऊन टाकलं. म्हणजे मशीनवरच्या कुणीही यावं, वाचावं, लिहावं, पुसावं. साइट चालू झाली आणि मी निवांत झोपले.

सकाळी सिनियरने विचारलं, “कुलूप उघडेना म्हणून भिंत पाडलीस?”

चूक माझीच होती. पण त्या ओळीचाही त्यात हात होता, असं मला अजून वाटतं.

ओळ खोटी नव्हती. कर्नलने १३ हा आकडा दिला, एन्जिनएक्सने तो इमानदारीत लिहिला. पण तिने बोट दाखवलं फाइलकडे, आणि अडचण होती वरच्या फोल्डरमध्ये. लिनक्समध्ये फाइलपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरायची परवानगी लागते. खोलीचं दार सताड उघडं, पण वाड्याचा दिंडी दरवाजाच बंद, अशी गत. उबंटू तर २१.०४ पासून नव्या यूजरचं होम फोल्डर इतरांसाठी बंदच ठेवतं. म्हणजे साइट होममध्ये ठेवणारा प्रत्येक नवखा इथे अडखळणार.

हाच बिघाड अपाचेमध्ये झाला, तर लॉगमध्ये ‘एएच०००३५’ क्रमांकाची ओळ येते. तीही पाथ देते, पण पुढे ‘कारण’ सांगते: पाथच्या एका घटकावर सर्च परमिशन नाही. या अर्ध्या वाक्याने नजर फाइलवरून वाटेकडे वळते. शिवाय २.४ आवृत्तीपासून मिळालेला हा क्रमांक जसाच्या तसा सर्च करता येतो.

तरी अपाचेलाही पूर्ण मार्क देता येत नाहीत. ‘एका घटकावर’ म्हणजे नेमक्या कुठल्या? ते आपणच शोधायचं. आणि ते ‘कारण’ फार ठामपणे सांगितलंय. सगळ्या परमिशन बरोबर असूनही सेलिनक्सने अडवलं, तरी हीच ओळ येऊ शकते. मग माणूस नसलेली चूक शोधत बसतो.

मला हवी असलेली ओळ अशी: ‘मी अमुक यूजर म्हणून चालतोय. या फोल्डरपर्यंत पोचलो, त्याच्या आत शिरता आलं नाही. फोल्डरची परमिशन बघा. ती बरोबर असेल तर सेलिनक्स बघा.’ एकेक फोल्डर तपासत गेलं, तर सर्व्हरला हे सांगणं जमण्यासारखं आहे. अर्थात हे लॉगमध्ये. साइट बघायला आलेल्याला आपल्या घराचा नकाशा द्यायची गरज नाही.

ही ओळ त्या रात्री दिसली असती, तर मी एका फोल्डरला फक्त शिरण्यापुरती परवानगी दिली असती, किंवा साइट होममधून हलवली असती.

आता कोड रिव्ह्यूमध्ये मी एरर मेसेज आधी वाचते. प्रश्न एकच असतो: रात्री दीड वाजता, एकटं बसून हे वाचणारं कुणी ७७७ तर देणार नाही ना?