इंग्रजी शब्दांतील अक्षरविभाजन आणि आघात : रूढ अध्यापनपद्धतीची चिकित्सा

इंग्रजीच्या ध्वनिविचारात दीर्घ शब्दांची अक्षरे पाडून त्यांवर आघातचिन्ह देण्याचा प्रश्न परिचित आहे. आधी शब्द तोडावा, मग आघात द्यावा, असा त्याच्या अध्यापनाचा रूढ क्रम होय. हा क्रमच सदोष आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शब्दकोशातील शीर्षशब्दांतले ठिपके पुष्कळदा ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा, एवढेच सुचवितात. विद्यार्थी त्यांनाच उच्चाराची विभागणी समजतो. जे. सी. वेल्स यांनी १९९० मधील आपल्या उच्चारकोशात, व्यंजन शेजारच्या दोन अक्षरांपैकी अधिक आघातयुक्त अक्षराकडे जाते, हे तत्त्व स्वीकारले. ते मान्य केल्यास आघात ठाऊक असल्याखेरीज विभाजन करताच येत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या, 'फोटोग्राफी'त दुसऱ्या, तर 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्या अक्षरावर येतो. 'फोटोग्राफी'तला आरंभीचा 'फो' तर अस्पष्ट 'फ' होऊन जातो.

मग आघात ठरवावा कसा? येथे मराठी अध्यापकाने आपल्याच छंदःशास्त्राकडे वळावयास हवे होते. चॉम्स्की व हॅले यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या नियमांच्या मुळाशी लॅटिनचा जुना नियम आहे : उपान्त्य अक्षर गुरू असल्यास आघात त्यावर, लघू असल्यास त्याच्या आधीच्या अक्षरावर. 'अजेंडा'तील 'जेन्' व्यंजनान्त म्हणून गुरू, 'अरोमा'तील 'रो' दीर्घ म्हणून गुरू. 'अमेरिका'त 'रि' लघू, म्हणून आघात 'मे'वर. अनेक नामांना हा नियम लागू पडतो. वृत्ताचे गण पाडणाऱ्या विद्यार्थ्याला यात नवे असे फारसे काही नाही.

अर्थात गुरुत्व ठरवायचे ते इंग्रजी उच्चारावरून, नागरी लेखनावरून नव्हे. 'सिनेमा'तील 'ने' आपल्याला गुरू दिसतो. इंग्रजीत तो लघू असल्याने आघात 'सि'वर जातो. 'अल्जिब्रा'तील जोडाक्षरापूर्वीचा 'जि'ही असाच लघू राहतो, कारण 'ब्र' संपूर्णपणे पुढील अक्षरात जातो. मराठीच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. 'दुसऱ्या'तील 'स' जोडाक्षरापूर्वी असूनही आपण लघूच मानतो, आणि त्यावर आघात येत नाही, हेच कारण आपले व्याकरण देते.