‘प्रेरणादायी’ कपाटातली पुस्तकं

अपंग व्यक्तींची आत्मचरित्रं आपल्या ग्रंथालयांत बहुधा ‘प्रेरणादायी’ म्हणून लावलेली सापडतात. आमचा आक्षेप पुस्तकांवर नाही, त्या कपाटावर आहे. तिथे गेलेलं पुस्तक कसं वाचायचं ते आधीच ठरतं. संकट मोठं, माणूस जिद्दी, शेवट गोड. डोळे पुसायचे आणि पुस्तक परत करायचं.

हेलन केलर यांचंच बघा. १९०३ सालच्या त्यांच्या आत्मचरित्रातला पंपाच्या पाण्याचा प्रसंग आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. पण १९०९ साली त्या समाजवादी पक्षात गेल्या. पुष्कळांचं अंधत्व गरिबीतून आणि कारखानदारांच्या बेफिकिरीतून येतं, असं त्या जाहीरपणे मांडत होत्या. १९१३ साली त्यांचा समाजवादावरच्या लेखांचा संग्रहही आला. या हेलनबाई त्या कपाटात मावत नाहीत, म्हणून आपल्यापर्यंत फारशा पोचल्याच नाहीत.

आता मराठीकडे येऊ. नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ घ्या. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या बाईंचं हे आत्मकथन. शीर्षकात जिद्द नाही, झेप नाही. एक साधी वस्तू आहे. खुर्ची आली की उंबरठा, जिना, एसटीची पायरी, संडासाचं अरुंद दार हे सगळं दिसायला लागतं. लेखिकेने १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, वसतिगृह काढलं. नुसत्या जिद्दीवर भागत असतं, तर वसतिगृह कशाला लागलं असतं?

कुणी म्हणेल, प्रेरणा मिळाली तर बिघडलं काय? काहीच नाही. नुकतंच अपंगत्व आलेल्या वाचकाला अशा पुस्तकाने धीर येतो, तो मोलाचाच. पण धडधाकट वाचक नुसती प्रेरणा घेऊन उठतो, तेव्हा जिना जिथल्या तिथे राहतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की ही पुस्तकं इतिहास आणि कायद्याच्या शेजारी ठेवा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. ही वाढ का झाली ते त्याच फळीवर वाचायला मिळू दे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अपंग वाचकांसाठी ब्रेल किंवा ध्वनिप्रत काढू देतो. तेव्हा ‘चाकाची खुर्ची’ अंध वाचकाने कशी वाचायची, आणि खुर्चीवरच्या वाचकाने त्या कपाटापर्यंत कसं पोचायचं, हे दोन प्रश्न आपापल्या ग्रंथालयात विचारा. या पुस्तकांचं खरं वाचन तिथून सुरू होतं.