लेझमीच्या रांगेत कोण?

सामूहिक नाचाने समाज जोडला जातो, हे विधान लोककलांवरील आपल्या लेखनात इतक्या सहज येते की ते तपासावे असे कुणाला वाटत नाही. अहिल्यानगरच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या नगरच्या, विसर्जन मिरवणुकीतली लेझीम त्यासाठी चांगली कसोटी आहे.

लेझीम मुळात नाच नव्हेच. फारसी नावाचे हे तालमीतले धनुष्य. दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले. हलगीच्या ठेक्यावर ते रस्त्यावर आले, शाळेच्या कवायतीतही शिरले. ‘चार आवाज’, ‘पवित्रा’ एकदा अंगात भिनले की माणूस वीस वर्षांनीही रांगेत उभा राहू शकतो. माळीवाड्यातून विशाल गणपती निघतो आणि कापड बाजारासारख्या अरुंद रस्त्यात रांगा आवळतात, तेव्हा पुढच्याला मागच्यासाठी पाऊल आखडावे लागते. कुणाचे चुकले तर खुळखुळाटात लगेच कळते. शेजारी नुसत्या नजरेने त्याला ठेक्यावर आणतो. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्याला शेजाऱ्याची अशी गरज नसते. गर्दी तिथेही असते, रांग नसते.

पण रांग जोडते तशी वगळतेही. मोहरमच्या ताबुतांत पूर्वी हिंदू मोठ्या संख्येने सामील होत. १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली; पुढच्या वर्षी पुण्यात ताबुतांवर बहिष्कार पडला आणि गणपतीपुढे मेळे नाचू लागले. मेळ्यांचा पोशाख, पदे, नाच यांचा घाट मात्र मोहरमच्या टोळ्यांचाच होता. एक समाज बांधताना दुसऱ्याशी असलेला धागा सुटला. लोकमान्यांच्या उत्सवाचा दाखला देणारे अभ्यासक ही अर्धी गोष्ट बहुधा गाळतात.

नगरात तो धागा पूर्ण तुटला नाही. कोठल्यातल्या सवारीला चादर चढवणाऱ्यांत आजही हिंदू असतात, आणि मोहरमची मिरवणूक काय, गणपतीची काय, दोन्ही दिल्लीगेटमधूनच बाहेर पडतात. मात्र वाट एक असली म्हणून रांग एक होत नाही.

आता लेझीम पथकांत मुली दिसतात. हे चांगलेच झाले. पण पथक म्हटले की गणवेश आला, महिनाभराचा सराव आला, सुपारीही आली. शाळेत ‘पवित्रा’ शिकलेली, कडेला मुलाला कडेवर घेऊन उभी असलेली बाई त्यात आयत्या वेळी शिरू शकत नाही. जुन्या रांगेत पुरुषाला ती मुभा होती. तिला तेव्हाही नव्हती.