जगायला गेलेली माणसे आणि पडदा

आमच्याकडे कोणी गाव सोडले की तो स्थलांतरित झाला असे म्हणत नाहीत. तो जगायला गेला, असे म्हणतात. मुखेड, कंधार, जळकोट या पट्ट्यात दसरा-दिवाळी सरली की गावकुसाबाहेरची वस्ती आणि तांडे जगायला निघतात. या शब्दातच कबुली आहे : जगायला गेला, म्हणजे येथे जगणे नव्हते. ते येथे का नव्हते, हा प्रश्न आपल्या समांतर म्हणवणाऱ्या, आणि आता स्वतंत्र म्हणवणाऱ्या चित्रपटाने कितपत विचारला आहे, एवढेच मला येथे पाहावयाचे आहे.

धंदेवाईक पडद्यावर जे लोक केवळ गर्दी म्हणून वावरले त्यांना या चित्रपटांनी माणूस म्हणून उभे केले, हे आधी मान्य केले पाहिजे. मुझफ्फर अलींचा 'गमन' (१९७८) घ्या. उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून मुंबईस आलेला गुलाम हसन टॅक्सी चालवतो. गावी आई आणि बायको वाट पाहतात. शेवटी तो स्टेशनापर्यंत येतो आणि परत जाऊ शकत नाही. चित्रपट संयत आहे, प्रामाणिक आहे. पण त्यातील वेदना विरहाची आहे. तेथे गाव म्हणजे परतण्याची जागा. आमच्या माणसालाही माय आठवते, बायको आठवते, पण वेस आठवून त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. १९३१ साली वाटेगावाहून पायी मुंबईस आलेल्या अण्णा भाऊंच्या छकडीतला गडीसुद्धा मैनेसाठी झुरतो, गावकीसाठी नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे सुनावले ते ज्याने वाचले आहे त्याला गाव सुटण्याचे निव्वळ दुःख करता येणार नाही. आमच्या निघण्यात भूक असते, अपमान असतो आणि सुटकाही असते. या तिन्हींचे मिश्रण पडद्यावर क्वचितच उतरले.

जयवंत दळवींच्या कादंबरीवरून रवींद्र धर्मराज यांनी केलेल्या 'चक्र'मध्ये (१९८१) निघण्याचे कारण तरी दिसते. सावकार अम्मावर हात टाकतो, नवऱ्याच्या हातून त्याचा खून होतो आणि कुटुंब मुंबईस पळते. स्मिता पाटीलची अम्मा विसरता येत नाही. परंतु ते कारण घाईने उरकले जाते. सावकाराला ती हिंमत कोठून आली, अम्मा गावाच्या कोणत्या दिशेला राहत होती, यापाशी चित्रपट थांबत नाही. त्याला झोपडपट्टीकडे जायचे आहे, कारण पाहणाऱ्याचे कुतूहल तेथे आहे.

पाहणारा कोण, हा प्रश्न विचारला तो एका झोपडीवाल्या बाईने. आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर' (१९८५) या माहितीपटात घर उद्ध्वस्त झालेली ती बाई कॅमेऱ्यालाच फैलावर घेते : गरिबांची चित्रे काढून तुमचे नाव होईल, आमचे काय? दिग्दर्शकाने हा प्रसंग कापला नाही, याचे मोल मी मानतो. याच माहितीपटात विलास घोगरे गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, पुतळ्याला चपलांचा हार घातल्यावर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहाजण गेले. काही दिवसांतच घोगरेंनी आपले जीवन संपवले. पटवर्धन वस्तीत परत गेले आणि चौदा वर्षे चित्रण करीत त्यांनी 'जय भीम कॉम्रेड' (२०११) पुरा केला. गाव सोडून आलेल्यांना शहरातही तीच जात गाठते, हे मी पडद्यावर एवढ्या स्पष्टपणे प्रथम येथे पाहिले.

नागराज मंजुळेंच्या 'सैराट'ला (२०१६) स्वतंत्र चित्रपट म्हणता येणार नाही. मोठ्या कंपनीचा पैसा त्यामागे होता. तरीही तो येथे टाळता येत नाही, आणि त्यातही त्याचा उत्तरार्ध. तो रेंगाळतो, अशी तक्रार मी प्राध्यापकांच्या खोलीत अनेकदा ऐकली आहे. ती करणाऱ्यांना परक्या भाषेच्या गावात खोली शोधावी लागलेली नसावी. १९४८ पर्यंत हैदराबाद ही आमचीच राजधानी. देगलूर-बिलोलीकडचा, उदगीरकडचा मजूर आजही बांधकामावर तिकडे जातो. डोशाची गाडी चालवणारी सुमनअक्का, बाटल्यांच्या कारखान्यात लागलेली आर्ची, हळूहळू जिभेवर येणारी तेलुगू : मराठी माणूस परप्रांतीय झाला की कसा दिसतो ते येथे दिसते. आणि मग आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन गाव दारात येऊन बसते. आर्ची चहा करते. विरहाच्या चित्रपटांना जे कळले नाही ते मंजुळेंना कळले आहे : आमचे गाव मागे राहत नाही, ते पत्ता काढत येते.

नांदेडच्या वाचकाला हे सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव झाला आणि पाठोपाठ नांदेड-परभणीच्या खेड्यांत आमची घरे पेटली. टेंभुर्णीला पोचीराम कांबळे मारले गेले. त्या दिवसांत रातोरात गाव सोडलेल्यांची नातवंडे आज माझ्या वर्गात बसतात. त्या निघण्यावरचा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. दुष्काळाने भेगाळलेली जमीन दाखवणे सोपे असते. तिच्याकडे पाहून कोणालाच अपराधी वाटत नाही.

अनंत महादेवन यांचा 'बिटरस्वीट' (२०२०) हा मराठी चित्रपट बीडच्या ऊसतोड बायांवर आहे. कामात खाडा पडू नये म्हणून पिशवी काढून टाकण्याचा विषय तो धीटपणे घेतो. २०१९ च्या सरकारी समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली होती. माझी आई त्या मोजणीत नाही, कारण आम्ही लातूर जिल्ह्यातले. पण तिचीही पिशवी तिशीतच काढली गेली. मुकादमाची उचल फिटलेली नव्हती. मी तेव्हा आजीजवळ शाळेसाठी ठेवलेला होतो. आई-बाप वर्षातले सहा महिने कोयत्यावर. हे मला एम. ए. झाल्यावर कळले, तेही चुलतीकडून.

हा चित्रपट कोरियातल्या बुसानच्या महोत्सवात गेला. मुखेडच्या थिएटरात लागलेला मी पाहिला नाही. मग आईला कथाच सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली, मध्ये एकदा उठून चुलीवरचे दूध उतरवले. डॉक्टरचे काय झाले, पोरीचे काय झाले, यातले काही तिने विचारले नाही. म्हणाली, "त्यात मुकादम कुणाचा हाय?"

कुणाचा म्हणजे कोणत्या जातीचा. मला सांगता येईना. चित्रपट पाहताना हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. समीक्षा शिकल्याचा हा परिणाम असावा. आई मात्र कारखान्याच्या तळावरच्या कोप्या मोजीत बसली : आधी मुकादमाच्या भावकीच्या, मग इतरांच्या, आपल्या ओढ्याच्या कडेला. पाण्याचा टँकर आला की आपला हंडा शेवटी लागायचा, आणि तोवर तळाचा गढूळ गाळच उरायचा.